देशी समुद्र उपलब्ध असताना

कर्जत तालुक्यातून समुद्र पाहायला बरीच मंडळी गेलेली आहेत. कोणी मुंबईला गेले, कोणी हरिहरेश्वरला. आमच्या साहेबांचे साडू तर कन्याकुमारीला जाऊन तीन समुद्र एकदम पाहून आले आणि त्यातला एकही पसंत पडला नाही, असं सांगत होते. पण समुद्र पाहायचा म्हणून शनिवार-रविवार स्पेनला जाऊन आलेला माणूस अख्ख्या तालुक्यात मी एकटाच. एकटा म्हणजे सपत्नीक. मधले काही तास मी सपत्नीक नव्हतो, पण त्याची नोंद ऑफिसात कुठेही नाही.

याला जबाबदार चांदभाई. चांदभाईंचं बाजारपेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे आणि ऑफिस सुटलं की मी तिथल्या स्टुलावर बसतो. एकदा ते कुणाचा तरी भला थोरला रेडिओ उघडून बसले होते. काटा फिरवता फिरवता खरखर थांबली आणि एक बाई इंग्रजीत बोलू लागली. ती स्पेनहून बोलत होती. तिच्या देशात समुद्रकाठी व्हॅलेन्सिया नावाचं शहर आहे, तिथे मार्चात मोठा उत्सव असतो, आणि ते शहर आणि तो समुद्र तुम्हांला का पाहायचा आहे हे एका वाक्यात कळवा, असं तिचं म्हणणं. सर्वांत चांगल्या वाक्याला दोघांचा येण्याजाण्याचा खर्च आणि दोन दिवसांचा पाहुणचार.

"राधाकृष्णराव, तुमचं इंग्लिश नुसतं गंजत पडलंय," चांदभाई म्हणाले. "टाका की एक वाक्य."

मी पुष्कळ वाक्यं जुळवली. त्यांत भूमध्य सागर, संस्कृतींचा संगम, मानवाची जिज्ञासा वगैरे सगळं होतं. पण ती सगळी इंग्रजीत कर्त्यापासून क्रियापदापर्यंत पोचेनात. शेवटी कंटाळून मी जे खरं होतं तेच लिहिलं. "माझ्या पत्नीने एकही समुद्र पाहिलेला नाही."

हे वाक्य अक्षरशः खरं होतं. रतनला, म्हणजे आमच्या मंडळींना, लहानपणापासून समुद्राचं वेड. शाळेत बाईंनी सांगितलं होतं की समुद्राला पलीकडचा काठ दिसत नाही. तेव्हापासून तिच्या मनात ते बसलं. भीमेला पूर आला की ती सिद्धटेकला जाऊन बघून यायची आणि दर वेळी म्हणायची, "दिसतोय की हो काठ." लग्नानंतर मुंबईला जायचं तीनदा ठरलं. एकदा माझी बदली आडवी आली, एकदा तिच्या वडिलांचं आजारपण आणि एकदा मी स्वतः. मी एकट्याने मात्र मुंबई पाहिली आहे. साहेबांनी फाईल देऊन सचिवालयात पाठवलं होतं. सचिवालयापासून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे असं म्हणतात, पण मला दिवसभर ज्या बाकावर बसवलं होतं तिथून फक्त एक पाण्याचा माठ दिसायचा. तेव्हा समुद्र मीही पाहिलेला नव्हता. पण पुरुषाने असली वाक्यं रेडिओवर पाठवू नयेत.

जानेवारीत स्पेनहून आमची निवड झाल्याचा लिफाफा आला आणि गल्लीत एकच धांदल उडाली. आलेल्या प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच विचारला.

"समुद्रच बघायचा तर मुंबईला जावा की," शेजारच्या छबूबाई म्हणाल्या. "ह्यो तुमचा पेन लई लांब हाय का?"

"स्पेन, छबूबाई. विमानानं जायचं."

"आन् तितल्या समुद्राला काय निराळं पानी असतंय व्हय?"

आणि गंमत म्हणजे नेमका हाच प्रश्न आमच्या ऑफिसलाही पडला.

सरकारी नोकराला परदेशी जायचं तर परवानगी लागते. मी अर्ज केला. कारणाच्या जागी "समुद्रदर्शन" असं लिहिलं. साहेबांनी तो अर्ज दोनदा वाचला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढे पाठवून दिला. वरून कागद परत आला तो शेरा घेऊनच. तो शेरा मला अजून तोंडपाठ आहे. "सदर कर्मचारी ज्या समुद्राच्या दर्शनार्थ परदेशी जाऊ इच्छितात, तो देशात उपलब्ध आहे किंवा कसे? देशी समुद्र उपलब्ध असताना परदेशी समुद्राची निकड काय, याचा समर्पक खुलासा व्हावा."

"लिहा खुलासा," साहेब म्हणाले.

"उपलब्ध नाही, असं लिहू?"

"अहो, नकाशात अरबी समुद्र आहे ना! तो कुठं लपवणार? उद्या चौकशी लागली तर मी काय दाखवू?"

मी तीन दिवस खुलासा लिहीत होतो. पहिल्या खुलाशात मी भावनेला हात घातला. तो साहेबांनी "खासगी स्वरूपाचा" म्हणून फेटाळला. दुसऱ्यात मी क्षारांचं प्रमाण आणलं. तेव्हा साहेबांनी विचारलं, हे तुम्हांला कुणी सांगितलं, आणि मी चांदभाईंचं नाव सांगितल्यावर तोही फाटला. अखेर आमचे हेडक्लार्क सहादेव भाऊसाहेब माझ्या मदतीला आले. त्यांनी चष्मा पुसला, टाक बुडवला आणि एका ओळीत प्रकरण मिटवलं. "देशी समुद्र उपलब्ध आहे, तथापि त्याजकडून अद्याप निमंत्रण प्राप्त झालेले नाही." परवानगी आली. रजा मात्र इतकी मोजून मंजूर झाली की रविवारी संध्याकाळच्या गाडीने व्हॅलेन्सिया सोडणं भाग होतं.

मग पासपोर्ट. त्यासाठी पोलिसांचा दाखला हवा. हवालदार घरी आले तेव्हा मी स्वच्छ धोतर नेसून, हातात वर्तमानपत्र धरून ओट्यावर बसलो होतो. पण त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते थेट छबूबाईंकडे गेले.

"हा माणूस देश सोडून पळून जाण्याची शक्यता आहे का?"

"पळतोय कशाचा त्यो!" छबूबाई म्हणाल्या. "दळन आनाया धाडला तर वाटंत दोनदा बसतोय."

हवालदारांनी मान डोलावून हे लिहून घेतलं. माझं चारित्र्य निष्कलंक ठरलं, पण ते ज्या पायावर ठरलं तो मला आजही मान्य नाही.

तयारीत सगळ्या गल्लीने हात घातला. छबूबाईंचं म्हणणं, "तिकडं समदं शिजवत्यात म्हनं, पर आत काय घातलंय ते सांगत न्हाईत." म्हणून त्यांनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि बरणीभर ठेचा दिला. माझ्या कोटाचा प्रश्न चांदभाईंनी सोडवला. माझ्याकडे कोट नव्हता आणि कोटाशिवाय युरोपात उतरू देत नाहीत, असं चांदभाईंना कुठूनतरी कळलं होतं. त्यांचे मेहुणे कादरभाई यांचा नगरला लग्नाचा बँड आहे. त्यांच्याकडून एक निळा कोट आला. कापड भारी होतं, शिवण पक्की होती. खांद्यावर सोनेरी झालर होती आणि छातीवर पितळी बटणांची दुहेरी रांग. झालर रतनने उसवून काढली. बटणं काढली असती तर कोट मिटला नसता, म्हणून ती राहिली.

"एकदम साहेब दिसताय," चांदभाई म्हणाले.

मलाही आरशात तसंच वाटलं. रतन मात्र गालातल्या गालात हसत होती, हे मी पाहिलं आणि सोडून दिलं.

निघताना एस.टी. स्टँडवर सत्कार झाला. अध्यक्षस्थानी निवृत्त आसाराम मास्तर होते. "आपल्या तालुक्याचे नाव हे दांपत्य सातासमुद्रापार नेत आहे," असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं आणि मग ते सातही समुद्र एकेक करून घेतले. चौथ्या समुद्राला एस.टी. सुटली. आमचं सामान टपावर होतं. आम्ही हार गळ्यात घेऊन कांद्याच्या ट्रकमधून दौंडपर्यंत त्या एस.टी.चा पाठलाग केला. सामान मिळालं, पण कादरभाईंच्या कोटाला कांद्याचा जो वास लागला तो थेट माद्रिदपर्यंत माझ्या आधी उतरत होता.

विमानाची हकीकत मी सांगत नाही. ती सांगणारे आता घरोघरी झाले आहेत. एवढंच सांगतो, की रात्री विमान वर गेल्यावर हवाई सुंदरीने आम्हांला खिडकीकडे बोट करून सांगितलं की खाली समुद्र आहे. रतन ताडकन उठून माझ्या अंगावरून खिडकीशी वाकली.

"काय दिसतं?" मी विचारलं.

"काळं," ती म्हणाली आणि जागेवर बसली. मला तिची फार कीव आली आणि मी तिला माझ्या वाट्याचा पाव देऊ केला.

माद्रिदहून रेल्वेने आम्ही व्हॅलेन्सियाला पोचलो तेव्हा शनिवारचा दुपार व्हायचा सुमार होता. स्टेशनवर रेडिओचे सेन्योर व्हिसेंते आले होते. माणूस गोड, गोल आणि सतत घाई करणारा, पण कुठेच वेळेवर न पोचणारा. त्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी समोरासमोर आलं आणि दोघांनाही धीर आला, कारण दोघांच्या चुका सारख्याच होत्या. रतनने पहिला प्रश्न मला विचारायला लावला. "समुद्र कुठं आहे?"

"समुद्र? उद्या! उद्या!" व्हिसेंते म्हणाले. "आज उत्सव!"

आणि त्याच क्षणी आकाश फाटलं. शहराच्या मधल्या चौकात भरदुपारी फटाक्यांच्या माळा लावतात आणि त्या एकामागून एक अशा वाजवतात की जमीन हलते. बांगलादेशची लढाई संपून तीनच महिने झाले होते. ब्लॅकआउटच्या दिवसांत कर्जतला शिकवलं होतं तसं रतनने मला हाताला धरून एका कमानीखाली बसवलं आणि कानांत बोटं घालायला सांगितली. आजूबाजूचे हजारो लोक टाळ्या वाजवत होते. आम्ही दोघंच उकिडवे बसलो होतो. एका म्हातारीने मला पाणी आणून दिलं. रतनला नाही, मला.

चौकाचौकांत लाकडाच्या नि कागदाच्या घरांएवढ्या बाहुल्या उभ्या होत्या. त्या उद्या जाळायच्या, असं व्हिसेंतेंनी सांगितलं. रतनने मान हलवली. "होळी," ती म्हणाली. "पण आपली होऊन तीन आठवडे होत आले की. यांचं पंचांग मागं आहे."

जेवायला बसलो ते तिन्हीसांजेच्या सुमारास. ज्या वेळेला आमच्याकडे दिवेलागणीची तयारी असते त्या वेळेला तिथे दुपारचं जेवण संपतं. पुढ्यात परातीएवढ्या काहिलीत पिवळा भात आला. रतनने चमच्याने तो एकदा उकरला आणि त्यातून एक शंख बाहेर आला. तिने तो शांतपणे परत भातात पुरला आणि पिशवीतून दशम्या काढल्या. व्हिसेंतेंनी आवडीने ठेचा मागितला. मी नको म्हणत होतो. त्यांनी तो भाताबरोबर चमचाभर घेतला. त्यानंतर ते उठून बाहेर गेले आणि परत आले तेव्हा त्यांचं इंग्रजी आणखी कमी झालं होतं. शनिवार तिथेच संपला. समुद्र तीन-चार मैलांवर होता, पण व्हिसेंतेंना घरी जाऊन पडणं आवश्यक वाटलं.

रविवारी सकाळी रतनने ठेवणीतली हिरवी इरकली नेसली, नथ घातली, अंबाड्यात फुलं माळली. आरशापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "आज बघायचाच हो. संध्याकाळी गाडी आहे."

"म्हणजे काय! मी आहे ना," मी म्हणालो. असली वाक्यं मी का बोलतो ते मला कळत नाही.

व्हिसेंतेंनी सांगितलं, आधी मिरवणूक, मग लगेच समुद्र. मिरवणूक काही टळेना, कारण ती आमच्या हॉटेलसमोरूनच जात होती. रेशमी घेरदार कपड्यांतल्या, केसांत सोन्याच्या फण्या खोचलेल्या बायका हातात फुलं घेऊन चालल्या होत्या. रतनला पाहताच त्यांची रांग थांबली. दोघीतिघींनी तिच्या पदराचा काठ बोटांनी चाचपला. एकीने अंबाडा न्याहाळला. एक फोटोवाला धावत आला. बाईने उत्सवासाठी खास पोशाख केला आहे अशी त्यांची समजूत झाली असावी. रतनने सगळ्यांना हात जोडून नमस्कार केला. मी तिच्या शेजारी उभा राहायला सरकलो, तर फोटोवाल्याने हाताने मला बाजूला व्हायला सांगितलं.

आता माझ्या अपमानाच्या भागाकडे येतो. मिरवणुकीत प्रत्येक पेठेचा आपापला बँड असतो. एकामागून एक बँड येत होते. तेवढ्यात एक बँड आला आणि मी थिजलो. निळे कोट. पितळी बटणांची दुहेरी रांग. कादरभाईंनी कुठलं कापड कुठून आणलं होतं देव जाणे, पण व्हॅलेन्सियातल्या एका संबंध पेठेने तेच कापड घेतलेलं होतं. त्यांचा झांजवाला कुठेतरी मागे राहिला असणार. कारण बँडमास्तरने मला पाहिलं, कपाळावर हात मारला, दोनचार शब्द सुनावले आणि माझ्या हातात झांजा कोंबून मला रांगेत ओढलं.

"नो, नो! मी सरकारी नोकर!" मी ओरडलो. पण मराठीत ओरडलो.

मागून ट्रंपेटवाले ढकलत होते, पुढून ढोलवाले जागा देत नव्हते. मी झांजा वाजवल्या नाहीत तर लोक माझ्याकडे बघायचे. म्हणून वाजवल्या. काही काळाने बँडमास्तरने मागे वळून मला चांगलं वाजवतोस अशी खूण केली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. कर्जतला भजनात मला टाळसुद्धा कोणी देत नाही.

मी निघताना रतनला ओरडून सांगितलं होतं, "मागं मागं ये!" आणि इथेच घोटाळा झाला. आमच्याकडे बायको नवऱ्याच्या चार पावलं मागून चालते. ती रस्त्याकडे बघत नाही, नवऱ्याच्या पाठीकडे बघते. कर्जतच्या बाजारात, लग्नात, देवळात माझ्या पाठीवर नजर ठेवून ती आजपर्यंत कधी चुकली नव्हती. पण त्या दिवशी रस्त्यावर निळ्या पाठी वीस-पंचवीस होत्या. पहिल्या वळणावर गर्दीने तिला जरा मागे लोटलं, आणि तिने पुन्हा एक निळी पाठ धरली. ती माझी नव्हती.

मिरवणूक संपली, मी झांजा परत केल्या, घाम पुसला आणि मागे वळलो. मागे रतन नव्हती.

आता विनोद बाजूला ठेवतो. परक्या मुलखात, भाषा न येणारी बायको गर्दीत हरवणं म्हणजे काय, ते ज्याच्यावर आलं त्यालाच कळतं. मी त्या रस्त्यावर इकडून तिकडे धावलो. हिरवं काही दिसलं की धावलो. व्हिसेंते माझ्यामागे धावत होते. हॉटेलात ती नव्हती. चौकात नव्हती. ज्या कमानीखाली काल बसलो होतो तिथेही नव्हती. उगीचच मला दिसत होतं, की मी कर्जतच्या स्टँडवर एकटा उतरतोय आणि छबूबाई काहीच न बोलता नुसत्या माझ्याकडे बघतायत.

"तिला काय पाहायचं होतं?" व्हिसेंतेंनी विचारलं.

"समुद्र," मी म्हणालो. दुसरा रस्ताच नव्हता. आम्ही त्यांच्या मोटारीत बसलो.

किनाऱ्यावर सुट्टीची गर्दी होती. लहान मुलं, खाद्यपेयांची दुकानं, वाळूत टाकलेल्या खुर्च्या. मी बुटांसकट वाळूत शिरलो आणि माणसांमधून चालत सुटलो. माझी नजर फक्त लुगड्यावर होती. समोर एवढा थोरला समुद्र असताना मी तो पाहिला नाही, हे शपथेवर सांगतो. तो माझ्या उजव्या हाताला कुठेतरी आवाज करत होता, इतकंच मला ठाऊक आहे.

मी रडकुंडीला आलो होतो, तेव्हा खांबावरचा कर्णा खरखरला. हरवलेल्या मुलांसाठी तो लावलेला असतो. एक पुरुष स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलला. मग गप्प. मग कोणीतरी घसा खाकरला. तो घसा मी अंधारात ओळखला असता.

"निळ्या कोटामागं आले मी मान खाली घालून," कर्णा खणखणीत आवाजात म्हणाला,
"राधाकृष्णराव आहेत कुठं, त्यांनी यावं धावून!"

अख्खा किनारा क्षणभर थबकला. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी धावलो. दळण आणायला जाताना दोनदा बसणारा मी त्या वाळूतून एकदाही न थांबता धावलो.

नंतर कळलं ते असं. ती ज्या पाठीमागून चालली होती तो मनुष्य समुद्राकाठच्या वस्तीतला वाजंत्री. मिरवणूक आटोपून तो बसमध्ये चढला, रतनही चढली. तो किनाऱ्यावर उतरला, तीही उतरली. मग तो वळला आणि त्याला मिशा होत्या. तिने "अहो!" म्हणून हाका मारल्या. कर्जतच्या बाजारात "अहो" म्हटलं की दहा माणसं वळतात. तिथे एकही वळला नाही. त्या मिशाळ माणसाने बिचाऱ्याने तिला पोलिसाच्या स्वाधीन केलं. पोलिसाने खाणाखुणा करून नवऱ्याचं नाव विचारलं, म्हणजे कर्ण्यावर पुकारता येईल. रतनने मान खाली घातली. त्याने पुन्हा विचारलं. तिने पदर तोंडाला लावला. नवऱ्याचं नाव असं कुणालाही, तेही परपुरुषाला, सरळ कसं सांगायचं? बराच वेळ हे चाललं. बाईला नवराच नाही, असं पोलिसाला वाटू लागलं होतं. शेवटी तिने स्वतःच कर्ण्याचा माइक मागून घेतला आणि मंगळागौरीला घेतात तसं रीतसर नाव घेतलं.

मी पोचलो तेव्हा पोलिसाच्या टपरीसमोर वाळूत एक खुर्ची होती आणि खुर्चीत रतन बसली होती. शहराकडे तोंड करून, समुद्राकडे पाठ करून. पाठीमागे पाणी होतं आणि ही पाव विकणाऱ्याच्या दुकानाकडे बघत बसली होती. मला पाहून ती उठली, पण वळली नाही. तिचे डोळे रडून लाल झाले होते. माझे कसे झाले होते ते मला माहीत नाही.

"आलात?" ती म्हणाली.

"आलो."

पोलीस हातवारे करून व्हिसेंतेंना काहीतरी तक्रार सांगत होता. व्हिसेंतेंनी मला इंग्रजीत सांगितलं. हा म्हणतो, बाई विचित्र आहे. मी तिची खुर्ची समुद्राकडे वळवतो, की ती उठून परत फिरवते. तीनदा वळवली. दोन तास झाले, एकदाही तिकडे बघितलं नाही. समुद्राची भीती वाटते का?

"रतन," मी म्हणालो, "अगं, समुद्र तुझ्या पाठीमागं आहे."

"ठाऊक आहे. आवाज येतोय ना मघापासून."

"मग बघितला का नाहीस?"

"एकटी कशी बघणार?" ती म्हणाली. "तुम्ही तरी कुठं बघितलाय अजून?"

मला ऑफिस, खुलासा, कोट, झांजा यांतलं काही आठवेना. सचिवालयातल्या त्या बाकावर मी एकटाच बसलो होतो असं इतकी वर्षं मी समजत होतो. घरी हिने ते सगळं नीट ध्यानात ठेवलं होतं.

"चल," मी म्हणालो. "दोघं एकदम वळू."

आम्ही वळलो.

रतन कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. वाऱ्याने तिचा पदर डोक्यावरून खाली आला, तो तिने सावरला नाही. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसतही होती. मला काहीतरी बोलायला हवं असं वाटलं. भूमध्य सागराबद्दल मला तशी थोडी माहिती होती.

"गाडीला किती वेळ आहे?" तिने नजर न काढता विचारलं.

व्हिसेंतेंनी घड्याळ दाखवलं. "स्टेशनवर जाणं धरून अर्धा तास," मी म्हणालो, "पण मला वाटतं, या समुद्राचं वैशिष्ट्य असं, की..."

"मग आता बोलू नका," रतन म्हणाली.

मी बोललो नाही.